सरकत्या रेघेची गोष्ट

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. जेवणे आटोपली होती. बाहेर पाऊस धरून होता आणि विश्वामित्रीचे पाणी कुठवर चढले याची विचारपूस करणारे फोन एकामागून एक येत होते. अशा रात्री आम्हा बडोदेकरांच्या घरात झोप कुणालाच लागत नाही. नात मात्र या गडबडीपासून अलिप्त, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती कलाभवनात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधेच म्हणाली, "आजोबा, जरा इकडे येता का? हे बरोबर दिसतंय का बघा."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. काळ्या पडद्यावर एक निळी वक्ररेषा होती आणि डाव्या टोकाशी एक पिवळी उभी रेघ. नातीने कळ दाबली आणि ती रेघ हळूहळू उजवीकडे सरकू लागली. रेघ जसजशी पुढे जाई तसतशी तिच्या मागची, वक्ररेषेखालची जागा हळदी रंगाने भरत जाई. त्याच वेळी पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात एक ठिपका वर वर चढत होता आणि आपल्यामागे दुसरीच एक रेषा काढीत होता. वर जितकी जागा भरली, तितकी खाली ठिपक्याची उंची. वरची रेषा बसकी होती तिथे ठिपका रेंगाळला. ती उंच झाली तसा तो घाईने चढू लागला.

अवघा दहा सेकंदांचा खेळ. संपल्यावर मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "पुन्हा लाव." तिने लावला. "पुन्हा लाव." असे सात-आठ वेळा झाले तेव्हा ती घाबरली. "काही चुकलंय का, आजोबा?"

चुकले होते खरे. पण तिचे नव्हे. चौतीस वर्षे मी उच्च माध्यमिक वर्गांना गणित शिकवले. कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत किती वेळा फळ्यावर लिहिला याची गणती नाही. त्याची सिद्धता आजही झोपेत म्हणून दाखवीन. पण तो सिद्धांत मला दिसला तो त्या रात्री, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. म्हणून हा लेखनप्रपंच.

जुने देणे

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. हुशार म्हणून त्याचे नाव नव्हते. मागच्या बाकावर बसे. संकलनाचा धडा सुरू होता. "घातांकात एक मिळवा, आलेल्या घातांकाने भागा," हा मंत्र मी फळ्यावर लिहिला आणि मुलांकडून घोकून घेतला. तेवढ्यात तो उभा राहिला आणि आपल्या सरळ गुजरातीत म्हणाला, "सर, विकलन म्हणजे रेषेचा उतार काढायचा. संकलन म्हणजे रेषेखालचे क्षेत्रफळ काढायचे. मग क्षेत्रफळ काढण्यासाठी उताराचीच क्रिया उलटी का करायची? उताराचा आणि क्षेत्रफळाचा संबंध काय?"

मी म्हणालो, "सिद्धता पुस्तकात आहे, ती पाठ कर. संबंध परीक्षेत विचारत नाहीत. बस खाली." वर्ग हसला. तो बसला. पुढे वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. सिद्धता येत होती. उत्तर येत नव्हते. या दोहोंत अंतर असते हेही तेव्हा कळत नव्हते. मी स्वतः विद्यार्थी असताना हाच प्रश्न विचारला होता आणि असेच उत्तर घेऊन खाली बसलो होतो. तेव्हा मी केले ते एवढेच, की वाडवडिलांकडून आलेली वस्तू जशीच्या तशी पुढच्या पिढीच्या हाती दिली. परंतु त्या मुलाचा उतरलेला चेहरा अधूनमधून आठवतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज देतो आहे. ते त्याच्यापर्यंत पोचेल की नाही, देव जाणे.

टाकी आणि तोटी

ज्यांचा गणिताशी संबंध मॅट्रिकबरोबर सुटला, त्यांनी घाबरू नये. घरच्याच उदाहरणापासून सुरुवात करू. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळी येते. कधी धार जोराची असते, कधी करंगळीएवढी. समजा, एका माणसाला तोटीपाशी बसवले. त्याने दर क्षणाला एवढेच लिहायचे की धारेचा वेग आत्ता किती आहे. दुसऱ्याला टाकीपाशी उभे केले. त्याने एवढेच लिहायचे की आतापर्यंत टाकीत पाणी किती साठले. दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही. तरी दोघांच्या वह्या म्हणजे एकच वही आहे. टाकीवाल्याच्या लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी केली की तोटीवाल्याची नोंद मिळते. तोटीवाल्याच्या साऱ्या नोंदींची बेरीज केली की टाकीवाल्याची नोंद मिळते. पहिली क्रिया विकलन आणि दुसरी संकलन.

ज्यांनी घरी रोजकीर्द लिहिलेली पाहिली आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. अखेरची शिल्लक वजा आरंभीची शिल्लक म्हणजे मधल्या सगळ्या जमाखर्चाची गोळाबेरीज. आमची आजी चौथीपर्यंत शिकली होती. तिला हे पक्के ठाऊक होते आणि मेळ बसेपर्यंत ती जेवायला उठत नसे.

मग त्यात एवढा मोठा सिद्धांत कसला? अडचण अशी की नळाची धार रोजकीर्दीसारखी दिवसातून एकदा बदलत नाही. ती क्षणोक्षणी बदलते. नोंदी अगणित आणि प्रत्येक नोंद शून्याच्या जवळ जाणारी. अगणित जवळजवळ-शून्यांची बेरीज करायची तरी कशी? बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात विकलनाच्या गणिताला 'शून्यलब्धि' हा मराठी शब्द वापरला होता. शून्यातून हाती लागलेले, असा त्याचा अर्थ. पुढे तो शब्द मागे पडला, पण अडचण कुठे आहे त्यावर त्याने नेमके बोट ठेवले होते.

पडद्यावर काय झाले

आता नातीच्या पडद्याकडे वळू. तिने घेतलेली वक्ररेषा वर्गाची होती. म्हणजे एकावर उंची एक, दोनावर चार, तीनावर नऊ. शून्यापासून तीनापर्यंत तिच्याखालची जागा किती?

जुना उपाय म्हणजे जागेच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टी आयताकृती धरायची आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. डाव्या कडेची उंची धरून तीन पट्ट्या केल्या तर बेरीज येते ५. सहा केल्या तर ६.८७५, तीस केल्या तर ८.५५५ आणि तीनशे केल्या तर ८.९५५. उत्तर ९ कडे चालले आहे हे दिसते, पण चालून चालून पाय दुखतात. रेषा बदलली की सारा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

सरकत्या रेघेने हेच काम वेगळ्या दृष्टीने दाखवले. तिथे 'एकूण जागा किती' हा प्रश्नच आधी विचारलेला नाही. रेघ दोनाच्या आकड्यावर आली तेव्हा नातीने ती थांबवली आणि चित्र मोठे केले. आतापर्यंत भरलेली जागा २.६६६७. रेघ एक दशांश पुढे सरकवली. नवी जागा भरली ती ०.४२०३, तिला एक दशांशाने भागले तर ४.२०३. मग रेघ फक्त एक शतांश सरकवली. भागाकार आला ४.०२०. एक सहस्रांश सरकवली, ४.००२. हे आकडे कुठे चालले आहेत हे सांगायला ज्योतिषी नको. ते ४ कडे चालले आहेत, आणि ४ ही तर त्या ठिकाणी वक्ररेषेची उंची!

पडद्यावर त्याचे कारणही दिसत होते. रेघ किंचित सरकली की जी नवी पट्टी भरते ती जवळजवळ आयतच असते. तिची रुंदी म्हणजे रेघ जितकी सरकली तितकी, आणि उंची म्हणजे वक्ररेषेची त्या जागची उंची. वरच्या टोकाशी एक चिमुकला त्रिकोणासारखा तुकडा जादा उरतो. पट्टी अरुंद करीत गेले की तो पट्टीपेक्षाही झपाट्याने झिजतो. भिंत रंगवणाऱ्याचे पाहा. भिंत कुठे ठेंगणी, कुठे उंच आहे. तो डावीकडून उजवीकडे सरकतो आहे. एका पावलाला रंग किती लागेल? त्या जागी भिंत जितकी उंच तितका. म्हणजे भरलेली जागा वाढण्याचा वेग हीच त्या जागेची उंची.

एवढाच तो सिद्धांत. खालच्या रेषेचा उतार म्हणजे वरच्या रेषेची उंची. त्या मुलाने विचारलेला उताराचा आणि क्षेत्रफळाचा संबंध तो हा. एकूण जागा काढायची तर पट्ट्या मोजत बसायला नको. जिचा उतार दर ठिकाणी वरच्या उंचीइतका आहे अशी खालची रेषा शोधायची आणि तिच्या दोन टोकांच्या उंचींची वजाबाकी करायची. वर्गाच्या बाबतीत ती रेषा म्हणजे घनाचा तिसरा हिस्सा. तीनाचा घन सत्तावीस, त्याचा तिसरा हिस्सा नऊ. एका ओळीत उत्तर! 'घातांकात एक मिळवा, आलेल्या घातांकाने भागा' हा माझा मंत्र याच वाटेने आला होता. मी मंत्र दिला, वाट दाखवली नाही.

रेघ मुळात सरकतच होती

हे चित्र नवे आहे का? नाही. पाहू जाता ते सिद्धांताइतकेच जुने आहे.

वजाबाक्यांची बेरीज ही युक्ती आपल्याकडे फार पूर्वीची. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात ज्यांचे कोष्टक दिले आहे ते ज्यांचे नव्हे, तर लागोपाठच्या दोन ज्यांमधल्या फरकांचे: २२५, २२४, २२२, २१९, असे चोवीस आकडे. बेरीज करीत गेले की ज्या मिळतात: २२५, ४४९, ६७१, ८९०, आणि शेवटी ३४३८. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चा विचार आहे. म्हणजे नेमक्या त्या क्षणी ग्रह किती वेगाने चालला आहे याचा. त्याच आचार्यांनी गोलाच्या पृष्ठाचे आवळ्याच्या फाकांसारखे भाग कल्पून त्याचे क्षेत्रफळ काढले आहे. क्षणाचा वेग आणि तुकड्यांची बेरीज, दोन्ही वाटा एकाच ग्रंथात. त्या दोहोंना जोडणारा सर्वसाधारण नियम मात्र तिथे सांगितलेला नाही. तो जन्मला पाचशे वर्षांनी, युरोपात.

तिथेही त्याला दोन दारे होती. एका दारातून लायबनिझ आला. १६७२ साली पॅरिसमध्ये हायगेन्सने या तरुणाला एक बेरीज घातली: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक एक षष्ठांश, अधिक एक दशांश, असे अनंतापर्यंत. लायबनिझने प्रत्येक पद दोन संख्यांची वजाबाकी म्हणून लिहिले. मधली सगळी पदे एकमेकांत कटली आणि उत्तर आले २. वजाबाक्यांची बेरीज केली की फक्त दोन टोके उरतात, हे त्याच्या मनात तिथे ठसले. २९ ऑक्टोबर १६७५ रोजी त्याने संकलनासाठी लांबट 'एस'चे चिन्ह योजले, ते आजही आहे.

दुसऱ्या दारातून न्यूटन आला, आणि आमच्या गोष्टीला तो अधिक जवळचा. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले आणि तो आपल्या गावी गेला. १६६६ च्या ऑक्टोबरात लिहिलेल्या टिपणात त्याने क्षेत्रफळाकडे स्थिर आकृती म्हणून पाहिलेच नाही. उभी रेघ पुढे सरकते आहे, तिच्यामागे जागा वाढते आहे, आणि त्या वाढीचा वेग रेघेच्या उंचीइतका आहे, असे त्याने पाहिले. पुढे त्याने बदलत्या राशींना 'वाहत्या राशी' असेच नाव दिले. त्याच्या आधी लुकास अध्यासनावर असलेल्या आयझॅक बॅरोच्या १६७० च्या भूमितीच्या व्याख्यानांतही हा संबंध सिद्ध केलेला आहे. त्या आकृतीत आसाच्या एका बाजूला मूळ वक्ररेषा आणि दुसऱ्या बाजूला तिच्या क्षेत्रफळाची रेषा आहे. नातीने बॅरोचे नावही ऐकले नव्हते. पण तिने पडद्याचे दोन भाग केले ते अगदी तसेच.

तात्पर्य, सिद्धांत जन्मला तो चालत्या रेघेतून. छापखान्यात गेला आणि रेघ थबकली. कागदावर हालचाल छापता येत नाही, म्हणून हालचालीच्या जागी चिन्हे आली. चिन्हे फार सोयीची होती, आणि शाळांत आम्ही ती सोयच तेवढी शिकवली.

वाटाण्याचा कोंब

रेघेला पुन्हा चालवण्याचे श्रेय संगणकाचे. पण त्यामागची युक्ती जुनी आहे आणि तिच्यात आपल्या बडोद्याचाही थोडा धागा आहे. दादासाहेब फाळके १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात शिकायला आले. कलाभवन त्याच साली सुरू झाले होते. पुढे १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, त्यांनी 'अंकुराची वाढ' हा चिमुकला चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि दररोज एकेक चित्र घेतले. महिन्याभराची वाढ पडद्यावर पाहता पाहता उलगडली.

यात आमचा सिद्धांत सगळाच्या सगळा आहे. प्रत्येक चित्रात आतापर्यंतची एकूण वाढ दिसते. लागोपाठच्या दोन चित्रांमधला फरक म्हणजे त्या दिवसाची वाढ. आणि रोजच्या वाढींची बेरीज म्हणजे शेवटच्या चित्रातली उंची वजा पहिल्या चित्रातली. टाकी आणि तोटी, शिल्लक आणि जमाखर्च, दोन्ही त्या कुंडीत आहेत.

संगणकाने कुंडीची जागा घेतली. अमेरिकेत कॅलटेक संस्थेने १९८५ पासून 'मेकॅनिकल युनिव्हर्स' ही बावन्न भागांची दूरचित्रवाणी मालिका काढली. तिच्यातली चलचित्रे जिम ब्लिनची. व्हॉयेजर यानांची ग्रहभेट संगणकावर रंगवणारा तोच. त्या मालिकेत विकलनाला एक भाग आणि संकलनाला एक भाग होता. पण तसे चित्र काढायला तेव्हा मोठी संस्था लागे. ग्रँट सँडरसन या गणिताच्या पदवीधराने २०१५ च्या सुमारास 'मॅनिम' नावाची आज्ञावली पायथन भाषेत लिहिली आणि सर्वांसाठी मोकळी ठेवली. २०१७ मध्ये त्याने तिच्या जोरावर कलनशास्त्राची एक मालिकाच प्रसिद्ध केली. आता दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसून एक मुलगी ते काम करू शकते.

तिला मी विचारले, "यंत्राला नेमके सांगतेस काय?" ती म्हणाली, "फार काही नाही हो. एकच संख्या हलती ठेवायची, रेघ कुठे आहे ती. बाकी सगळं तिला बांधून टाकायचं. रंगवलेली जागा तिला बांधलेली, खालचा ठिपका तिला बांधलेला. ती हलली की सगळं हलतं." न्यूटनच्या वाहत्या राशी दुसऱ्या काय होत्या!

चुकांनी शिकवलेले

इतके सांगितल्यावर कुणाला वाटेल, झाले. आता प्रत्येक वर्गात एक पडदा लावला की मुलांना कलनशास्त्र येईल. तसे नाही. नातीचीच कबुली देतो. सँडरसनची ती मालिका तिने अकरावीत पाहिली होती. "तेव्हा वाटलं, सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगायला गेले तर तोंडातून एक वाक्य निघेना." कळले ते स्वतः चित्र काढायला बसली तेव्हा, आणि तेही तीन चुका झाल्यावर.

पहिली चूक अशी, की खालचा ठिपका शून्याऐवजी एकापासून सुरू झाला. गंमत म्हणजे त्याने काढलेल्या रेषेचा उतार तरीही सर्वत्र बरोबर होता. सारी रेषा एक घर वर उचलली गेली होती इतकेच. उताराला उंचीचा पत्ता नसतो. टाकीत आधीचे पाणी किती होते हे तोटीवाल्याला कळायचे कसे? संकलनाच्या उत्तरापुढे लिहायचा 'सी' हा स्थिरांक तो हाच. तो लिहायला विसरले म्हणून मी किती मुलांचा अर्धा गुण कापला असेल! ती आरंभीची शिल्लक आहे, एवढे एक वाक्य मात्र मी कधी बोललो नाही.

दुसरी चूक तिने मुद्दाम केली. नळ एकदम सोडला तर काय होईल, म्हणून वरची रेषा मधेच एका उडीत दोनावरून पाचावर नेली. खालच्या रेषेला त्या ठिकाणी कोपरा आला. कोपऱ्यावर उतार कोणता म्हणायचा, डावीकडचा की उजवीकडचा? तिथे सिद्धांत मुका होतो. 'वक्ररेषा अखंड असावी' ही अट पुस्तकात पहिल्याच ओळीत असते. मी ती दरवर्षी वाचून दाखवीत असे. ती कशासाठी आहे हे त्या कोपऱ्याने दाखवले.

तिसरी चूक माझी. मी म्हणालो, "म्हणजे यंत्राने सिद्धांत सिद्ध केला." नात हसली. "आजोबा, रेघ सरकतच नाहीये. सेकंदाला साठ चित्रं आहेत. दहा सेकंदांची सहाशे. प्रत्येक चित्रात रेघ पाच सहस्रांशाने पुढे टाकलेली असते. सरकते ती तुमच्या डोळ्यांत." मी कागद घेतला आणि सहाशे पट्ट्यांची बेरीज केली. आली ८.९७७५. पडद्यावर जी जागा भरली असे वाटले तिचा चित्रागणिक हिशेब नऊपर्यंत पोचतच नाही. पट्ट्या कितीही बारीक केल्या तरी चूक आपण म्हणू तितकी लहान करता येते, हे पडदा दाखवू शकत नाही. त्याचे ठिपके मोजके आणि चित्रेही मोजकी. ते मनानेच करावे लागते. झोपेत म्हणता येणारी माझी ती सिद्धता नेमके हेच काम करीत होती. तिचा उपयोग कशाला, हे तिला पाठ करून पन्नासएक वर्षे झाल्यावर मला कळले.

लग्नपत्रिका आणि आलेखाचा कागद

यानंतर आठवड्याभराने शेजारचा मुलगा आला. बारावीत आहे. संकलन डोक्यावरून जाते, अशी त्याची तक्रार. नात कॉलेजात गेली होती आणि तिचा लॅपटॉप उघडण्याचे धाडस मला झाले नाही. मग घरात आलेली एक जाड लग्नपत्रिका घेतली आणि आलेखाचा कागद पसरला. सेंटिमीटरला एक घर धरून वर्गाची वक्ररेषा काढली, तिच्यावर पत्रिका ठेवली आणि त्याला म्हटले, "ही तुझी रेघ. सरकव उजवीकडे आणि उघडी पडलेली मिलिमीटरची घरे मोज."

दोनावर पत्रिका आली तेव्हा त्याची मोजणी दोनशे सदुसष्टच्या आसपास होती. मग मी पत्रिका फक्त एक मिलिमीटर सरकवायला सांगितली. नव्या पट्टीतली घरे त्याने पेन्सिलीच्या टोकाने मोजली. "बेचाळीस."

"आणि रेषेची उंची तिथे किती?"

"चार सेंटिमीटर. म्हणजे चाळीस घरं." तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. "दोन जास्त आहेत ती त्या वरच्या तिरप्या तुकड्याची. पत्रिका अर्धा मिलिमीटर सरकवली तर तो तुकडा आणखी छोटा होईल." मग त्याने खाली दुसरा आलेख काढायला घेतला. मी सांगितले नव्हते.

काढता काढता मधेच मान वर करून त्याने विचारले, "आजोबा, पण हे परीक्षेत येतं का?"

माझेच शब्द इतक्या वर्षांनी माझ्याकडे परत आले होते. येते, असे मी त्याला सांगितले, आणि ते खरेही आहे. आजच्या बारावीच्या पुस्तकात क्षेत्रफळाचे हे फल आणि हा सिद्धांत दोन्ही आहेत. त्याचे समाधान झाले आणि तो पुन्हा घरे मोजू लागला. संध्याकाळी नात परत आली तेव्हा पत्रिका तीनावर पोचली होती, आणि दोघांचा वाद चालला होता की नऊशे घरांतली ती अकरा कुठे हरवली.